डिजिटल कंपन्यांची करआकारणी

डिजिटल कंपन्यांची करआकारणी म्हणजे आंतरजालावरून जाहिरात, खरेदी-विक्री, मनोरंजन, माहितीची साठवण इत्यादी सेवा पुरविणाऱ्या मोठ्या, बहुधा परदेशस्थ कंपन्यांच्या उत्पन्नावर किंवा उलाढालीवर कर बसविण्याची व्यवस्था होय. अशा कंपन्यांनी ज्या देशातील ग्राहकांकडून पैसा मिळवला, त्या देशाच्या शाळा, दवाखाने, रस्ते, पाणीपुरवठा यांसारख्या सार्वजनिक सेवांच्या खर्चात अधिक वाटा उचलावा की नाही, हा या विषयातील मूळ प्रश्न आहे. भारताने २०१६ साली परदेशी कंपन्यांच्या ऑनलाइन जाहिरात सेवेवर ६ टक्के आणि २०२० साली ई-वाणिज्य सेवांवर २ टक्के दराने समानीकरण शुल्क लागू केले. वृत्तपत्रीय भाषेत या शुल्काला ‘गूगल कर’ असेही नाव पडले. यांपैकी २ टक्क्यांचे शुल्क १ ऑगस्ट २०२४ पासून आणि ६ टक्क्यांचे शुल्क १ एप्रिल २०२५ पासून रद्द करण्यात आले.

पार्श्वभूमी

परदेशी कंपनीच्या नफ्यावर कोणत्या देशाने कर घ्यावा, याचे नियम पहिल्या महायुद्धानंतर आकाराला आले. राष्ट्रसंघाने नेमलेल्या ब्रुइन्स, आयनौदी, सेलिग्मन आणि स्टॅम्प या चार अर्थशास्त्रज्ञांनी १९२३ साली आपला अहवाल सादर केला. त्यानंतर झालेल्या करारांतून ‘कायमस्वरूपी आस्थापना’ ही कल्पना रूढ झाली. कंपनीचे कार्यालय, कारखाना, वखार किंवा तिच्या वतीने करार करणारा अभिकर्ता एखाद्या देशात असेल, तरच त्या देशाला तिच्या व्यापारी नफ्यावर कर लावता येतो, असे या कल्पनेचे सार आहे. भारताने इतर देशांशी केलेले दुहेरी करआकारणी टाळण्याचे करारही याच पायावर उभे आहेत.

माल जहाजाने, आगगाडीने किंवा बैलगाडीने येत असे, त्या काळाला हा नियम साजेसा होता. व्यापार करायचा तर माणूस, जागा आणि साठा तेथे असणे भागच होते. महाराष्ट्रातील नगरपालिकांची जकात याच तत्त्वावर चाले. गावाच्या वेशीवर नाका असे आणि आत येणाऱ्या मालाने तेथे थांबून जकात भरावी, असा दंडक होता. डिजिटल सेवेला वेस नसते आणि नाकाही नसतो. जाहिरात पाहणारा, जाहिरात देणारा आणि त्या जाहिरातीवरून वस्तू विकत घेणारा असे तिघेही एकाच तालुक्यातील असू शकतात, परंतु जाहिरातीचे पैसे मात्र आयर्लंड किंवा सिंगापूर येथील कंपनीच्या खात्यात जमा होतात.

यवतमाळ जिल्ह्याच्या दारव्हा तालुक्यातील बोरी अरब या गावाचे उदाहरण घेऊन हा फरक स्पष्ट करता येतो. अशा गावातील बी-बियाण्यांचा विक्रेता पूर्वी आपली जाहिरात स्थानिक वृत्तपत्रात किंवा भिंतीवर देत असे. वृत्तपत्राचा मालक, छपाई करणारा आणि भिंत रंगविणारा हे सर्व भारतीय करदाते असत, आणि वृत्तपत्राच्या कार्यालयाची घरपट्टीही तेथल्याच स्थानिक संस्थेकडे जमा होई. तीच जाहिरात समाजमाध्यमावर दिली, तर ग्राहक, दुकान आणि विक्री गावातच राहते. मात्र जाहिरातीच्या उत्पन्नाचे करस्थान बदलते. वृत्तपत्राच्या नफ्यावर भारतात आयकर लागतो आणि परदेशी मंचाच्या त्याच प्रकारच्या नफ्यावर तो लागत नाही, ही विषमता दूर करून दोघांना समान पातळीवर आणणे, असा ‘समानीकरण’ या शब्दाचा अर्थ आहे.

न्यायाधिकरणांपुढील प्रकरणे

नवा कर येण्यापूर्वी आयकर विभागाने जुन्या कायद्याच्या आधारेच अशा उत्पन्नावर कर घेण्याचा प्रयत्न केला. जाहिरातीपोटी परदेशी कंपनीला दिलेली रक्कम हे ‘स्वामित्वधन’ किंवा ‘तांत्रिक सेवेचे शुल्क’ आहे, असा विभागाचा युक्तिवाद होता. तो मान्य झाला असता, तर कायमस्वरूपी आस्थापना नसतानाही भारतात कर घेता आला असता.

आयकर अपिलीय न्यायाधिकरणाच्या मुंबई खंडपीठाने याहू इंडिया (२०११) आणि पिनस्टॉर्म टेक्नॉलॉजीज (२०१२) या प्रकरणांत हा युक्तिवाद अमान्य केला. ईबे इंटरनॅशनल या स्विस कंपनीच्या प्रकरणातही २०१२ साली मुंबई खंडपीठाने तिचे शुल्क हा व्यापारी नफा असल्याचे आणि भारतात तिची कायमस्वरूपी आस्थापना नसल्याचे ठरविले.

कोलकात्याचे राइट फ्लोरिस्ट्स हे प्रकरण (२०१३) विशेष गाजले. फुलांच्या या विक्रेत्याने गूगल आयर्लंड आणि याहू यांना ऑनलाइन जाहिरातीचे पैसे दिले होते. पैसे देताना कर कापला नाही, म्हणून विभागाने तो खर्च नामंजूर केला. केवळ संकेतस्थळ म्हणजे कायमस्वरूपी आस्थापना नव्हे, संकेतस्थळ ज्या सर्व्हरवर आहे तो भारतात असेल तरच तसा विचार करता येईल, असे न्यायाधिकरणाने म्हटले आणि निकाल विक्रेत्याच्या बाजूने दिला. गूगल इंडियाच्या प्रकरणात बंगळूरु खंडपीठाने २०१७ साली विभागाचे म्हणणे मान्य केले होते. परंतु कर्नाटक उच्च न्यायालयाने प्रकरण फेरविचारासाठी परत पाठविल्यावर २०२२ साली त्याच खंडपीठाने अशा रकमा स्वामित्वधन ठरत नाहीत, असा निर्णय दिला.

या निकालांवरून एक गोष्ट स्पष्ट झाली. प्रचलित कायदा आणि करार यांच्या चौकटीत जाहिरातीच्या उत्पन्नावर कर घेणे जवळजवळ अशक्य होते. त्यामुळे चौकटीबाहेरचा मार्ग शोधण्यात आला.

समानीकरण शुल्क

सहा टक्क्यांचे शुल्क (२०१६)

आर्थिक सहकार्य आणि विकास संघटनेने ऑक्टोबर २०१५ मध्ये डिजिटल अर्थव्यवस्थेतील करआकारणीवर अहवाल प्रसिद्ध केला. त्यात चर्चिलेल्या पर्यायांपैकी समानीकरण शुल्क हा एक होता. केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाने अखिलेश रंजन यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीने २०१६ साली ६ ते ८ टक्के दराचे शुल्क सुचविले. अर्थमंत्री अरुण जेटली यांनी २९ फेब्रुवारी २०१६ रोजी मांडलेल्या अर्थसंकल्पात त्याची घोषणा केली आणि १ जून २०१६ पासून ते अमलात आले.

शुल्काची मुख्य वैशिष्ट्ये पुढीलप्रमाणे होती :

• ते ऑनलाइन जाहिरात आणि तिच्यासाठी पुरविलेली डिजिटल जागा यांपुरते मर्यादित होते.
• सेवा देणारी कंपनी अनिवासी असावी आणि भारतात तिची कायमस्वरूपी आस्थापना नसावी, अशी अट होती.
• पैसे देणारा भारतातील व्यावसायिक असे. खासगी कारणासाठी पैसे देणाऱ्या व्यक्तीला ते लागू नव्हते.
• एका वर्षात एकाच कंपनीला दिलेली एकूण रक्कम १ लाख रुपयांपेक्षा अधिक असेल, तरच शुल्क लागे.
• शुल्क कापून सरकारकडे भरण्याची जबाबदारी पैसे देणाऱ्यावर होती.

हे शुल्क आयकर कायद्यात समाविष्ट न करता वित्त अधिनियम, २०१६ मधील स्वतंत्र प्रकरणात ठेवण्यात आले. दुहेरी करआकारणीचे करार आयकराला लागू होतात. वेगळ्या शुल्काला ते लागू होत नाहीत, अशी त्यामागील भूमिका होती. शुल्क भरलेल्या उत्पन्नाला भारतात आयकरातून सूट देण्यात आली. मात्र ज्या देशात कंपनीचे मुख्यालय आहे, तेथे या शुल्काची वजावट मिळेलच याची हमी नव्हती.

व्यवहारात हे शुल्क असे चाले : एखाद्या शिकवणी वर्गाने वर्षभरात परदेशी मंचाला २ लाख रुपयांची जाहिरात दिली, तर १२,००० रुपये कापून सरकारकडे आणि १,८८,००० रुपये कंपनीकडे जमा करावयाचे. कंपनीने पूर्ण रक्कम घेण्याचा आग्रह धरला, तर हे १२,००० रुपये व्यावसायिकालाच पदरचे भरावे लागत. कर न कापल्यास तो खर्च आयकरात नामंजूर होण्याची तरतूद होती. वर्षाला १५-२० हजार रुपयांची जाहिरात देणारा गावातील दुकानदार १ लाखाच्या मर्यादेमुळे या शुल्कातून बाहेर राहत असे. तसेच जाहिरातीचे बिल परदेशी कंपनीऐवजी तिच्या भारतीय उपकंपनीने दिल्यास त्या व्यवहारावर ग्राहकाला शुल्क कापावे लागत नसे.

दोन टक्क्यांचे शुल्क (२०२०)

मार्च २०२० मध्ये वित्त विधेयकात ऐनवेळी केलेल्या दुरुस्तीद्वारे शुल्काची व्याप्ती वाढविण्यात आली. १ एप्रिल २०२० पासून अनिवासी ई-वाणिज्य चालकांनी भारतातील ग्राहकांना केलेली वस्तूंची विक्री आणि पुरविलेल्या सेवा यांवर २ टक्के शुल्क लागू झाले. भारतातील वार्षिक उलाढाल २ कोटी रुपये किंवा अधिक असणाऱ्या चालकांसाठी ते होते. सहा टक्क्यांचे शुल्क ग्राहकाने कापावयाचे होते, तर २ टक्क्यांचे शुल्क कंपनीने स्वतः भरावयाचे होते.

वसुली

पहिल्या वर्षी, म्हणजे २०१६-१७ मध्ये, समानीकरण शुल्कातून सुमारे ३४० कोटी रुपये जमा झाले. २०१९-२० मध्ये ही रक्कम १,१०० कोटींच्या पुढे आणि व्याप्ती वाढल्यानंतर २०२०-२१ मध्ये २,००० कोटींच्या पुढे गेली. २०२१-२२ मध्ये ती ४,००० कोटींच्या जवळ पोहोचली. वाढ मोठी असली, तरी त्या वर्षीचा केंद्राचा एकूण करमहसूल सुमारे २७ लाख कोटी रुपये होता. म्हणजे दर हजार रुपयांच्या करात या शुल्काचा वाटा सुमारे दीड रुपया होता.

अमेरिकेचा आक्षेप आणि शुल्काची समाप्ती

अमेरिकेच्या व्यापार प्रतिनिधींनी जून २०२० मध्ये आपल्या १९७४ च्या व्यापार कायद्यातील कलम ३०१ खाली भारतासह अनेक देशांच्या डिजिटल करांची चौकशी सुरू केली. जानेवारी २०२१ मध्ये भारताचे २ टक्के शुल्क अमेरिकी कंपन्यांविरुद्ध भेदभाव करणारे आहे, असा निष्कर्ष काढण्यात आला. भारतीय कंपन्यांना हे शुल्क लागत नाही, हा आक्षेपाचा मुख्य मुद्दा होता. भारतीय कंपन्या येथे आयकर भरतातच, शिवाय शुल्क कोणत्याही एका देशाच्या कंपन्यांवर नसून सर्वच अनिवासी कंपन्यांवर आहे, असे भारताचे उत्तर होते.

जून २०२१ मध्ये अमेरिकेने काही भारतीय मालावर २५ टक्के जादा आयातशुल्क जाहीर केले आणि लगेच १८० दिवसांसाठी स्थगितही केले. २४ नोव्हेंबर २०२१ रोजी दोन्ही देशांत संक्रमणकाळासाठी समझोता झाला. आंतरराष्ट्रीय तोडगा अमलात येईपर्यंत किंवा ३१ मार्च २०२४ पर्यंत भारताने शुल्क चालू ठेवावे आणि अमेरिकेने जादा आयातशुल्क लावू नये, असे ठरले. ही मुदत पुढे ३० जून २०२४ पर्यंत वाढविण्यात आली. अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी २३ जुलै २०२४ च्या अर्थसंकल्पात २ टक्के शुल्क मागे घेतले. उरलेले ६ टक्के शुल्क मार्च २०२५ मध्ये वित्त विधेयकातील दुरुस्तीने संपुष्टात आले.

अन्य तरतुदी

वित्त अधिनियम, २०१८ द्वारे आयकर कायद्यात ‘लक्षणीय आर्थिक अस्तित्व’ ही संकल्पना आणण्यात आली. भारतातील व्यवहार २ कोटी रुपयांपेक्षा अधिक किंवा भारतातील वापरकर्ते ३ लाख वा त्याहून अधिक असतील, तर प्रत्यक्ष कार्यालय नसतानाही परदेशी कंपनीचा भारताशी व्यापारी संबंध आहे असे मानले जाते. तथापि ज्या देशांशी भारताचा कर करार आहे, तेथील कंपन्यांना करारातील जुनी व्याख्याच लागू राहते. त्यामुळे या तरतुदीचा प्रत्यक्ष उपयोग मर्यादित आहे.

वस्तू व सेवा कर हा या वादापासून वेगळा ठेवावा लागतो. परदेशातून भारतीय ग्राहकांना मिळणाऱ्या डिजिटल सेवांवर डिसेंबर २०१६ पासून सेवा कर आणि जुलै २०१७ पासून १८ टक्के दराने वस्तू व सेवा कर लागतो. हा कर अखेर ग्राहक भरतो; कंपनीच्या नफ्याला तो हात लावत नाही. ‘परदेशी कंपन्या भारतात काहीच कर भरत नाहीत’ आणि ‘त्या पुरेसा कर भरतात’ ही दोन्ही सरसकट विधाने बहुधा या दोन करांची गल्लत केल्यामुळे होतात. शिवाय भारतात नोंदलेल्या उपकंपन्या आपल्या नफ्यावर आयकर भरतात. वाद आहे तो भारतीय ग्राहकांकडून मिळालेल्या उत्पन्नापैकी किती भाग भारतातील नफा म्हणून दाखविला जातो, याविषयी.

आंतरराष्ट्रीय प्रयत्न

फ्रान्सने २०१९ साली ३ टक्के आणि युनायटेड किंग्डमने एप्रिल २०२० पासून २ टक्के दराचा डिजिटल सेवा कर लागू केला. असे निरनिराळे कर लागण्याऐवजी एकच सर्वमान्य नियम असावा, या हेतूने ८ ऑक्टोबर २०२१ रोजी भारतासह १३६ देशांनी दोन स्तंभांच्या योजनेला संमती दिली. केनिया, नायजेरिया, पाकिस्तान आणि श्रीलंका हे देश त्या वेळी बाहेर राहिले.

पहिल्या स्तंभानुसार ज्या कंपन्यांची जागतिक उलाढाल २० अब्ज युरोंपेक्षा अधिक आणि नफा उलाढालीच्या १० टक्क्यांहून अधिक आहे, त्यांच्या १० टक्क्यांवरील नफ्याचा चौथा हिस्सा ग्राहक असलेल्या देशांत वाटला जाणार होता. उदाहरणार्थ, १०० रुपयांच्या उलाढालीवर ३० रुपये नफा असेल, तर त्यातील वरच्या २० रुपयांपैकी ५ रुपयांवर कर घेण्याचा हक्क ग्राहक-देशांना मिळाला असता. दुसऱ्या स्तंभानुसार ७५ कोटी युरो किंवा अधिक उलाढाल असणाऱ्या कंपन्यांना किमान १५ टक्के कर ठरविण्यात आला.

पहिल्या स्तंभाच्या बहुपक्षीय कराराचा मसुदा ऑक्टोबर २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. परंतु अमेरिकेच्या मंजुरीशिवाय तो अमलात येणे शक्य नव्हते. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेच्या नव्या प्रशासनाने हा समझोता आपल्यावर बंधनकारक नसल्याचे जाहीर केले. जून २०२५ मध्ये कॅनडाने अमेरिकेशी व्यापारी वाटाघाटी सुरू राहाव्यात म्हणून आपला डिजिटल सेवा कर मागे घेतला. दुसरीकडे, युरोपीय न्यायालयाने १० सप्टेंबर २०२४ रोजी ॲपल कंपनीला आयर्लंडमध्ये मिळालेली करसवलत बेकायदा ठरवून सुमारे १३ अब्ज युरो वसूल करण्याचा निर्णय कायम केला.

सार्वजनिक सेवांशी संबंध

समानीकरण शुल्काची रक्कम कोणत्याही विशिष्ट सेवेसाठी राखून ठेवलेली नव्हती. ती केंद्र सरकारच्या सर्वसाधारण तिजोरीत जमा होत असे. कर वाढला म्हणजे शाळा-दवाखान्यांवरील खर्च आपोआप वाढतो असे नाही. त्यासाठी दुवा कायद्याने जोडावा लागतो. असा दुवा जोडल्याची काही उदाहरणे भारतात आणि विशेषतः महाराष्ट्रात आढळतात.

व्यवसाय कर आणि रोजगार हमी योजना

१९७२ च्या दुष्काळाच्या काळात महाराष्ट्रात विस्तारलेल्या रोजगार हमी योजनेला कायमचा पैसा मिळावा, म्हणून राज्याने १९७५ साली व्यवसाय कर लागू केला. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांच्या पुढाकाराने आकाराला आलेल्या या योजनेत शहरातील पगारदार, व्यापारी आणि व्यावसायिक यांच्याकडून कर घ्यावयाचा आणि खेड्यातील मजुराला काम द्यावयाचे, अशी रचना होती. करातून जमा होणाऱ्या रकमेइतकीच रक्कम राज्य सरकारने घालावयाची होती. महाराष्ट्र रोजगार हमी अधिनियम १९७७ साली संमत झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. २००५ च्या राष्ट्रीय रोजगार हमी कायद्याला ही योजना मार्गदर्शक ठरली.

मात्र राज्यघटनेच्या अनुच्छेद २७६ नुसार व्यवसाय कराची कमाल मर्यादा वर्षाला २,५०० रुपये आहे. १९८८ च्या घटनादुरुस्तीपूर्वी ती २५० रुपये होती. परिणामी पगारदार कर्मचारी आणि हजारो कोटींची उलाढाल असलेली कंपनी यांचा वार्षिक व्यवसाय कर जवळजवळ सारखाच असतो. मोठ्या कंपनीकडून अधिक कर घ्यावा असे राज्याला वाटले, तरी या मार्गाने तो घेता येत नाही.

डिजिटल भारत निधी

दूरसंचार कंपन्या आपल्या समायोजित सकल महसुलाच्या ५ टक्के रक्कम सार्वत्रिक सेवेसाठी देतात. २००२ साली सुरू झालेल्या या सार्वत्रिक सेवा दायित्व निधीचे नाव पुढे ‘डिजिटल भारत निधी’ असे झाले. ग्रामपंचायतींपर्यंत प्रकाशीय तंतूंचे जाळे नेणारा भारतनेट प्रकल्प याच निधीतून चालतो. महाराष्ट्रात त्याच्या दुसऱ्या टप्प्याचे काम ‘महानेट’ या नावाने झाले. ग्रामीण भागातील ही जोडणी वापरून चित्रफिती, समाजमाध्यमे आणि ऑनलाइन बाजारपेठ चालविणाऱ्या कंपन्या मात्र या निधीत काही देत नाहीत. जाळ्यावरील वाहतुकीचा मोठा भाग या कंपन्यांचा असल्याने त्यांनीही वाटा उचलावा, अशी भारतातील दूरसंचार कंपन्यांच्या संघटनेची मागणी आहे. ग्राहक जोडणीचे पैसे आधीच देतो, तेव्हा ही मागणी म्हणजे एकाच वाहतुकीसाठी दोनदा पैसे घेणे होय, असे विरोधकांचे म्हणणे आहे.

मंच-कामगारांचा निधी

सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० मध्ये ॲपवरून प्रवासी वाहतूक किंवा घरपोच वितरण करणाऱ्या कंपन्यांनी वार्षिक उलाढालीच्या १ ते २ टक्के रक्कम कामगारांच्या सामाजिक सुरक्षेसाठी द्यावी, अशी तरतूद आहे. कामगारांना दिलेल्या मोबदल्याच्या ५ टक्के ही तिची कमाल मर्यादा आहे. संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. नफ्याऐवजी उलाढालीवर आकारणी आणि ठरावीक कामासाठीच खर्च, या दोन्ही अर्थांनी ही तरतूद प्रस्तुत विषयाला जवळची आहे.

महाराष्ट्र आणि ग्रामपंचायती

माहितीची साठवण करणाऱ्या केंद्रांच्या क्षमतेत मुंबई आणि नवी मुंबईचा परिसर भारतात आघाडीवर आहे. अशी केंद्रे राज्यात यावीत म्हणून महाराष्ट्र शासन मुद्रांक शुल्क, वीज शुल्क इत्यादींमध्ये सवलती देते. २०२३ च्या माहिती तंत्रज्ञान धोरणातही त्यांचा अंतर्भाव आहे. केंद्र एका बाजूने या क्षेत्राकडून कर मागते आणि राज्ये त्याच क्षेत्राला आकर्षित करण्यासाठी कर सोडून देतात, हा विरोधाभास या प्रश्नावरील चर्चेत वारंवार मांडला जातो. गुंतवणूक, बांधकाम आणि त्यातून मिळणारे अन्य कर पाहता सवलती योग्य ठरतात, असे त्यांच्या समर्थकांचे मत आहे. या केंद्रांना वीज आणि पाणी भरपूर लागते, कायमस्वरूपी रोजगार मात्र तुलनेने थोडा मिळतो, असे टीकाकार निदर्शनास आणतात.

जकात बंद होऊन वस्तू व सेवा कर आल्यानंतर महाराष्ट्रातील महानगरपालिकांना २०१७ च्या राज्य कायद्यानुसार नुकसानभरपाई मिळते. ग्रामपंचायतींचे स्वतःचे उत्पन्न प्रामुख्याने घरपट्टी, पाणीपट्टी आणि दिवाबत्ती कर यांवर अवलंबून असते. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम, १९५८ च्या कलम १२४ नुसार इमारती आणि जमिनी यांवर कर बसविण्याचा त्यांना अधिकार आहे. डिजिटल व्यवसायाचा गावात दिसणारा एकमेव मोठा सांगाडा म्हणजे मोबाइलचा मनोरा. असा मनोरा ‘इमारत’ या संज्ञेत बसतो आणि राज्यांना त्यावर मालमत्ता कराची तरतूद करता येते, असे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१६ मध्ये अहमदाबाद महानगरपालिकेच्या प्रकरणात ठरविले. पुढे दूरसंचार अधिनियम, २०२३ मध्ये एखाद्या मालमत्तेवर उभारलेले दूरसंचार जाळे त्या मालमत्तेहून वेगळे मानावे आणि मालमत्ता करासाठी तिचा भाग समजू नये, अशी तरतूद करण्यात आली. त्यामुळे स्थानिक संस्थांच्या या उत्पन्नाचे भवितव्य बदलण्याचा संभव आहे.

केंद्राच्या करांतून गावापर्यंत येणारा पैसा वित्त आयोगामार्फत येतो. पंधराव्या वित्त आयोगाने विभाज्य करांपैकी ४१ टक्के रक्कम राज्यांना आणि त्यातील ६.३१७ टक्के महाराष्ट्राला देण्याची शिफारस केली. उपकर आणि अधिभार यांची रक्कम विभाज्य नसल्याने त्यातून राज्यांना वाटा मिळत नाही. पंधराव्या आयोगाच्या २०२१-२६ या काळासाठीच्या शिफारशींनुसार ग्रामपंचायतींना मिळणाऱ्या अनुदानातील ६० टक्के रक्कम पाणी आणि स्वच्छता यांसाठी बंधित होती. म्हणून डिजिटल कंपन्यांवरील करवाढीचा लाभ बोरी अरबसारख्या गावाच्या पाणीपुरवठ्याला किंवा शाळेला होईल की नाही, हे कराच्या दरापेक्षाही तो कर कोणत्या नावाने घेतला जातो, यावर अवलंबून असते. उपकर म्हणून घेतलेला कर राज्याच्या वाट्यात येत नाही. आयकर म्हणून घेतलेला येतो.

वादातील मुद्दे

अधिक कराच्या बाजूने

• सेवेचे मूल्य वापरकर्त्यांच्या संख्येतून आणि त्यांच्या माहितीतून निर्माण होते. म्हणून वापरकर्ते ज्या देशात आहेत, त्या देशाला कराचा हक्क असावा.
• रस्ते, वीज, साक्षरता, न्यायव्यवस्था आणि आंतरजालाची जोडणी ही सार्वजनिक खर्चाने उभी राहते. तिच्याशिवाय या कंपन्यांना ग्राहकच मिळाले नसते.
• स्थानिक दुकानदार आणि वृत्तपत्रे पूर्ण कर भरतात. परदेशी स्पर्धकाला सूट मिळाल्यास स्पर्धा विषम होते.
• नफा कमी कराच्या देशांत दाखविण्याची सोय मोठ्या कंपन्यांना असते, लहानांना नसते.

विरोधात

• उलाढालीवरील कर नफा-तोटा पाहत नाही. १०० रुपयांवर ५ रुपये नफा मिळविणाऱ्या कंपनीसाठी २ टक्के शुल्क म्हणजे नफ्याच्या ४० टक्के होतात. ४० रुपये मिळविणारीसाठी केवळ ५ टक्के.
• कराचा भार ग्राहकावर ढकलला जातो. युनायटेड किंग्डममध्ये कर लागल्यानंतर गूगलने नोव्हेंबर २०२० पासून तेथे दाखविल्या जाणाऱ्या जाहिरातींच्या बिलात २ टक्के आकार वाढविला; भारतात दाखविल्या जाणाऱ्या जाहिरातींवरही पुढे असाच आकार लागला.
• एकतर्फी करामुळे व्यापारी प्रतिशोधाचा धोका असतो आणि त्याची किंमत वेगळ्याच वर्गाला मोजावी लागते. अमेरिकेने २०२१ साली प्रस्तावित केलेल्या यादीत कोळंबी, बासमती तांदूळ यांसारखा भारतीय माल होता.
• कंपनीच्या देशात वजावट न मिळाल्यास एकाच उत्पन्नावर दोनदा कर लागतो.

यांपैकी भार ढकलण्याचा मुद्दा दोन्ही बाजूंना महत्त्वाचा वाटतो. ज्या बाजारात जाहिरातदाराला दुसरा पर्याय नाही, तेथे कंपनी कर सहज पुढे सरकवू शकते. नफ्यावरील कराच्या बाबतीत हे तुलनेने कठीण असते. त्यामुळे अधिक कराचे समर्थन करणारे अनेक जणही उलाढालीवरील शुल्काला तात्पुरता उपाय मानतात आणि नफ्याच्या वाटणीचा आंतरराष्ट्रीय नियम हाच खरा उपाय समजतात. हा नियम वर्षानुवर्षे लांबणीवर पडत असताना तात्पुरता उपायही सोडून देणे कितपत योग्य, हा प्रश्न शिल्लक राहतो.

सद्यःस्थिती

१ एप्रिल २०२५ पासून भारतात डिजिटल कंपन्यांसाठी स्वतंत्र कर उरलेला नाही. भारतीय उपकंपन्यांवरील आयकर, कर करार नसलेल्या देशांतील कंपन्यांपुरते ‘लक्षणीय आर्थिक अस्तित्व’ आणि ग्राहकाने भरावयाचा वस्तू व सेवा कर एवढ्या तरतुदी शिल्लक आहेत. याच काळात परदेशी कंपन्यांवरील आयकराचा दर ४० टक्क्यांवरून ३५ टक्के करण्यात आला. पहिल्या स्तंभाचा करार अमलात आलेला नाही. समानीकरण शुल्क लावण्यामागचे मूळ कारण, म्हणजे ग्राहक-देशाला कराचा हक्क देणाऱ्या सर्वमान्य नियमाचा अभाव, अद्याप कायम आहे.

हेही पहा

• वस्तू व सेवा कर
• व्यवसाय कर
• महाराष्ट्र रोजगार हमी योजना
• भारतनेट
• भारताचा वित्त आयोग
• जकात